इन्व्हर्टरवर ९०० लिहिलंय, मीटरवर ४६० वॅट येतात: खरे वॅट कसे मोजायचे?

प्रश्न असा आहे. घरी ९०० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर) इन्व्हर्टर आहे, मागच्या पट्टीवर ७२० वॅट छापलंय, सोबत १५० एएचची (अँपिअर-तास) ट्युब्युलर बॅटरी. इन्व्हर्टरचा दम बघायचा म्हणून ७५० वॅटची साधी इस्त्री लावली. मल्टिमीटरने आउटपुटला १८० व्होल्ट दाखवले, क्लॅम्प मीटरने २.५५ अँपिअर. गुणाकार जेमतेम ४६० वॅट. शिवाय दहा मिनिटांत 'लो बॅटरी'ची शिट्टी वाजून इन्व्हर्टर बंद पडला, तेव्हा बॅटरीच्या टर्मिनलवर ११.६ व्होल्ट होते. वायरमन म्हणतो इन्व्हर्टर बोगस आहे, बदलून घ्या. तुम्ही विचारताय की कंपनीने निम्म्याच ताकदीचा माल दिला का.

इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्तीच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि ही तक्रार याच आकड्यांच्या आसपास नेहमी येते. तुमचे आकडे बघून मला वाटतं की इथे दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या आहेत. इन्व्हर्टर किती वॅट देतोय, हा एक प्रश्न. तो दहा मिनिटांत का बंद पडतोय, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तुमच्या मीटरमध्ये दडलंय आणि दुसऱ्याचं बहुधा बॅटरीच्या वायरीत. इन्व्हर्टर बदलून दोन्ही प्रश्न तसेच राहण्याची शक्यता मोठी आहे.

आधी १८० व्होल्टचं बघू. हे सगळं अवलंबून आहे तुमचा इन्व्हर्टर कुठली वेव्ह, म्हणजे व्होल्टेजच्या चढउताराचा कुठला आकार, देतो त्यावर, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. प्युअर साइन वेव्हचा (घरच्या सप्लायसारखी गोलसर वेव्ह) असेल तर १८० हे खरोखर कमी आहेत आणि पुढचा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. पण पंखे इन्व्हर्टरवर गेले की घुमल्यासारखा आवाज करत असतील, तर तो स्क्वेअर किंवा 'मॉडिफाइड' वेव्हचा आहे असं धरून चाला. तुमच्या आकड्यांवरूनही मला तसंच दिसतंय.

साधा मल्टिमीटर एसी व्होल्टेज थेट मोजत नाही. तो आलेली वेव्ह एका दिशेला वळवतो, तिची सरासरी काढतो आणि तिला १.११ ने गुणून आकडा दाखवतो. हा १.११ फक्त साइन वेव्हसाठी खरा आहे. महावितरणच्या सप्लायवर तो बरोबर चालतो, म्हणून मीटरबद्दल कधी शंका येत नाही. मॉडिफाइड वेव्हमध्ये मात्र १० मिलिसेकंदांच्या प्रत्येक अर्ध्या फेरीत व्होल्टेज काही वेळ पूर्ण उभं असतं आणि उरलेला वेळ शून्य. समजा ५ मिलिसेकंद ३२५ व्होल्ट आणि ५ मिलिसेकंद शून्य. इस्त्रीच्या कॉइलला तापवणारं व्होल्टेज, म्हणजे आरएमएस, इथे २३० भरतं. सरासरी मात्र १६२.५ च येते, तिला १.११ ने गुणलं की १८०. तुमचाच आकडा.

क्लॅम्प मीटरही साधाच असेल तर करंटच्या बाबतीत त्याच प्रमाणात कमी दाखवतो. १८० चे २३० झाले, तसे २.५५ चे सव्वातीन अँपिअर होतात. गुणाकार करून बघा: साधारण ७५० वॅट. म्हणजे इस्त्रीवर जे छापलंय तेच. दोन मीटर थोडे थोडे चुकले, त्यांच्या चुका एकमेकींना गुणल्या गेल्या आणि खऱ्या वॅटपैकी बासष्ट टक्केच तुमच्या कागदावर उतरले. उलट, इन्व्हर्टर ७२० चा असताना तुम्ही त्याच्यावर थोडा ओव्हरलोडच टाकला होतात आणि तो त्याने पेलला. बोगस इन्व्हर्टर असं करत नाही.

याची एक खूण तुम्हाला स्वतःला बघता येईल. या प्रकारचे बरेच इन्व्हर्टर आउटपुट सांभाळण्यासाठी पल्सची रुंदी, म्हणजे व्होल्टेज उभं असण्याचा वेळ, बदलतात. बॅटरी उतरू लागली की ट्रान्सफॉर्मरमधून निघणाऱ्या पल्सची उंची कमी होते, म्हणून सर्किट पल्स रुंद करतं आणि आरएमएस २३० च्या आसपास टिकवून धरतं. साध्या मीटरला हे कळत नाही. त्याच्यावर आकडा हळूहळू वर चढताना दिसतो: १८०, १९०, २००. वेव्ह पूर्ण चौकोनी झाली तर खऱ्या २३० ला तो २५५ दाखवील. बॅटरी खाली चाललीय आणि मीटर वर चाललंय, असं दिसलं की समजायचं, हे मीटर या कामाचं नाही.

मग कामाचं मीटर कुठलं? ज्याच्यावर 'ट्रू आरएमएस' लिहिलंय ते, आणि मल्टिमीटर व क्लॅम्प दोन्ही तसे हवेत. त्यातही एक अट आहे. दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे वॅट, हे फक्त इस्त्री, पिवळा बल्ब, पाण्याचा रॉड असल्या नुसत्या तापणाऱ्या लोडला लागू पडतं. पंखा, एलईडी, टीव्ही लावून व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तर हातात व्हीए येतात, वॅट नाही. स्वस्त एलईडी बल्बांचा पॉवर फॅक्टर ०.५ ते ०.६ सुद्धा सापडतो, म्हणजे व्हीएच्या जवळपास निम्मेच वॅट. ९०० व्हीए आणि ७२० वॅट असे दोन आकडे पट्टीवर असतात ते याचसाठी, आणि दोन्ही मर्यादा एकाच वेळी पाळायच्या असतात. तिसरा आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात मॉडेलच्या नावात असतो. तो बहुतेक वेळा व्हीएही नसतो आणि वॅटही नसतो, त्याच्यावर हिशेब करू नका.

प्लगमध्ये बसणारं वॅटमीटर सोयीचं पडतं, कारण ते व्होल्टेज आणि करंट एकाच क्षणी मोजून गुणतं. पण स्वस्तातल्या मीटरची आतली सप्लाय केपॅसिटरवर चालते आणि चौकोनी वेव्हवर ती जास्त करंट ओढून तापते. म्हणून रीडिंग घ्या आणि काढून ठेवा, रात्रभर लावून ठेवू नका.

ते वॅटमीटर तरी खरं बोलतंय का, हे घरीच पडताळता येतं. तुमच्या इलेक्ट्रॉनिक वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 'प्रति युनिट ३२००' अशा अर्थाचा आकडा असतो. ३२०० असेल तर प्रत्येक लुकलुक म्हणजे ११२५ जूल. घरातलं सगळं बंद करा, इन्व्हर्टरचं चार्जिंगही, आणि फक्त एक लोड चालू ठेवा. मिनिटाला ४० लुकलुका झाल्या तर ४० गुणिले ११२५ भागिले ६०, म्हणजे ७५० वॅट. हे मीटर इन्व्हर्टरच्या अलीकडे असल्यामुळे इन्व्हर्टरचं आउटपुट त्याने मोजता येत नाही. पण तुमच्या हातातला लोड खरा किती वॅटचा आहे आणि प्लगमधलं वॅटमीटर बरोबर आहे का, हे त्याच्याइतकं चांगलं घरात दुसरं काही सांगत नाही.

आता ट्रू आरएमएस मीटर विकत घ्यायचं नसेल तर एक पद्धत आहे, आणि ती मला मनापासून आवडते. तारेचा पिवळा बल्ब घ्या, ६० किंवा १०० वॅटचा. त्याच्या तारेला वेव्हचा आकार कळत नाही, तिला फक्त उष्णता कळते, म्हणजे ती स्वतःच ट्रू आरएमएस मीटर आहे. मोबाइलमध्ये प्रकाश मोजणारं एखादं लक्स ॲप टाका. रात्री खोली अंधारी करून बल्ब आणि फोन यांच्या जागा टेबलावर खुणा करून पक्क्या ठरवा. आधी महावितरणच्या सप्लायवर रीडिंग घ्या आणि त्याच वेळी साध्या मल्टिमीटरने व्होल्टेज लिहून ठेवा, तिथे ते भरवशाचं आहे. मग मेन बंद करून त्याच बल्बाचं रीडिंग इन्व्हर्टरवर घ्या. बल्बाचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने बदलतो: व्होल्टेज ५ टक्के घटलं तर प्रकाश १५-१६ टक्क्यांनी घटतो. त्यामुळे फोनचा सेन्सर ढोबळ असला तरी व्होल्टेजचा अंदाज चांगला मिळतो. खरोखर १८० व्होल्ट असते तर बल्ब निम्म्याहून मंद, तांबूस दिसला असता. तो नेहमीसारखा पिवळा उजळ असेल, तर १८० चा आकडा तिथेच सोडून द्या. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही, त्याच्या आतलं ड्रायव्हर सर्किट प्रकाश सावरून धरतं.

इस्त्री हा मात्र मोजमापासाठी वाईट लोड आहे. तिचा थर्मोस्टॅट टकटक करत बंद-चालू होतो, आणि तुम्ही रीडिंग नेमकं कधी घेतलंत ते कळत नाही. मी टेबलावर १०० वॅटच्या तारेच्या बल्बांचा बोर्ड वापरतो, प्रत्येकाला वेगळं बटण. एकदम सगळे लावायचे नाहीत, कारण गार तारेचा रोध फारच कमी असतो आणि सुरुवातीचा झटका कित्येक पट असतो. इन्व्हर्टर ओव्हरलोड समजून बंद होईल आणि तुम्ही त्याला नावं ठेवाल. एकेक करत वाढवायचे. बल्ब मिळत नसतील तर ५०० वॅटचे हॅलोजन किंवा बादलीतला रॉड चालेल. रॉड पाण्यात बुडवूनच चालू करा आणि प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नका, हे इन्व्हर्टरवरही तितकंच जिवावरचं आहे. १००० वॅटचा रॉड मात्र तुमच्या इन्व्हर्टरला लावू नका, तो त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

लोडवरच्या छापील आकड्याबद्दल एक सूचना. तो २३० व्होल्टला असतो. व्होल्टेज २०० वर आलं तर वॅट त्याच प्रमाणात घटत नाहीत, वर्गाच्या प्रमाणात घटतात: १००० वॅटचा रॉड ७५६ वॅटवर येतो. म्हणून 'लोड ७५० चा लावला आणि चालला, म्हणजे इन्व्हर्टर ७५० देतो' हा दुकानातला युक्तिवाद तेव्हाच खरा, जेव्हा त्या लोडखाली व्होल्टेज खरोखर २३० टिकलेलं असतं. आणि किती वेळ टिकलं, तेही बघायचं. दहा सेकंद कुठलाही इन्व्हर्टर पेलतो. पाव-अर्धा तास चालवून ट्रान्सफॉर्मर आणि मॉस्फेटचे (आतले पॉवर ट्रान्झिस्टर) हीटसिंक तापून स्थिर झाल्यावर जे आउटपुट उरतं, त्याला मी त्या इन्व्हर्टरचे वॅट म्हणतो.

इथपर्यंत आउटपुटची बाजू झाली. आता बॅटरीकडे या, कारण तुमचा खरा आजार मला तिकडे दिसतो. शिवाय आउटपुटच्या रीडिंगची उलटतपासणीही तिथेच होते.

७३०-७५० वॅट बाहेर काढायचे तर इन्व्हर्टरमधला तोटा धरून आत साडेआठशे ते नऊशे वॅट जावे लागतात. १२ व्होल्टच्या बॅटरीला हे सत्तर-ऐंशी अँपिअर होतात. मल्टिमीटरची १० अँपिअरची रेंज इथे क्षणात जळते, तिकडे फिरकूही नका. एसी क्लॅम्पही डीसी मोजत नाही. डीसी मोजणारा क्लॅम्प हवा, किंवा १०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणारा शंट, म्हणजे वायरीच्या मध्ये जोडायची ठरावीक रोधाची पट्टी. शंटवर ६० मिलिव्होल्ट दिसले तर ८० अँपिअर वाहताहेत, इतका सरळ हिशेब.

आता तुमचे ४६० वॅट खरे मानून बघू. आत ८५० गेले आणि बाहेर ४६० आले, तर ३९० वॅट त्या डब्यात उष्णता होऊन राहिले पाहिजेत. तेवढ्या उष्णतेने दहा मिनिटांत झाकणाला हात लावता आला नसता आणि वार्निशचा वास घरभर झाला असता. तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही. नीट चालणारा असा इन्व्हर्टर पूर्ण लोडवर ८० ते ८५ टक्के कार्यक्षमता देतो. माझ्या हिशेबात ती साठच्या खाली आली किंवा शंभराच्या वर गेली, तर मी इन्व्हर्टर उघडण्याआधी मीटर तपासतो.

मग तो बंद का पडला? हे इन्व्हर्टर साधारण साडेदहा-पावणेअकरा व्होल्टला बॅटरी संपली असं समजून बंद होतात. तुम्ही बॅटरीच्या टर्मिनलवर ११.६ मोजले. पण इन्व्हर्टर मोजतो ते स्वतःच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज, आणि तिथे बहुधा १०.७ च पोचत होते. मधले ०.९ व्होल्ट कुठे गेले? १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला १.८ मिलिओहमच्या आसपास असतो. दीड-दीड मीटरच्या दोन वायरी, ८० अँपिअर: ०.४४ व्होल्ट वायरीतच गेले. उरलेला जवळपास अर्धा व्होल्ट जोडांमध्ये. ८० अँपिअरला ०.९ व्होल्ट म्हणजे सत्तर-बहात्तर वॅट, आणि ते कुठेतरी तापवत असणार. लोड चालू असताना वायरीच्या इन्सुलेशनवरून हात फिरवा, एखादा लग (वायरीच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड) इतरांपेक्षा गरम लागेल. त्याच्याभोवती पांढरट-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल, ती खरवडली तर खाली शिसं काळवंडलेलं दिसेल.

नुसत्या अंदाजावर थांबू नका, मोजा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लोड चालू ठेवा. एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर थेट टेकवा, दुसरं लगच्या पुढे दिसणाऱ्या तांब्यावर. चांगल्या जोडावर काही मिलिव्होल्ट ते फार तर वीस-तीस मिलिव्होल्ट दिसतात. दोनशे-तीनशे दिसले तर चोर सापडला. तसंच धन आणि ऋण बाजूचे, बॅटरीकडचे आणि इन्व्हर्टरकडचे चारही जोड बघा. या मोजणीला साधा मीटर पुरतो, डीसीला तो खरं बोलतो.

उपाय स्वस्त आहे. लोड आणि इन्व्हर्टर बंद करा, आधी बॅटरीची ऋण वायर सोडा, मग धन. खुंट गरम पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ करा, लग कापून नवे तांब्याचे लग क्रिम्प करून बसवा, वायर १६ चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी आखूड घ्या. घट्ट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी लावून मग आवळू नका. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पाना दोन्ही टर्मिनलवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात, आणि चार्ज होत असलेल्या बॅटरीवर हायड्रोजन असतो, तो ठिणगीने पेटतो. चार्जिंग बंद करून, खिडक्या उघडून थोड्या वेळाने काम सुरू करा.

लग बदलूनही लवकर बंद पडत असेल तर मग बॅटरी. १५० एएच हा आकडा २० तासांच्या हिशेबाचा, म्हणजे साडेसात अँपिअरने. ऐंशी अँपिअरने ओढलं तर चांगल्या बॅटरीतूनही त्यातले निम्मे ते साठ टक्केच हाती लागतात, त्यामुळे अशा लोडवर तासभराचा बॅकअप मिळाला तर ती ठणठणीत समजा. दहा मिनिटांत संपणं म्हणजे एखादा सेल गेलेला असू शकतो. पूर्ण चार्ज करून हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची ग्रॅव्हिटी (घनता) मोजणाऱ्या नळीने, सहाही सेल बघा. पाच सेल १.२३०-१.२४० च्या आसपास आणि एक १.१५० च्या घरात असला, तर इन्व्हर्टरला दोष देऊन काही उपयोग नाही.

ऑसिलोस्कोप असलेला मित्र मदतीला येत असेल तर वेव्ह बघायला हरकत नाही, ती बघितल्यावर वरचं सगळं डोळ्यांना दिसतं. पण प्रोबची अर्थ क्लिप इन्व्हर्टरच्या आउटपुटला अजिबात लावू नका. ती स्कोपमधून थेट घराच्या अर्थिंगला जोडलेली असते, आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रल घराच्या न्यूट्रलशी एकत्र असेल किंवा क्लिप चुकून फेजवर लागली तर स्कोप तरी जळेल किंवा माणूस तरी दुखावेल. डिफरन्शियल प्रोब (अर्थला न जोडता दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजणारा) असेल तरच हे काम करा.

तर सध्या दुकानदाराकडे भांडायला जाऊ नका. आधी चार जोडांवरचे मिलिव्होल्ट, मग बल्बाचं लक्स रीडिंग, मग सहा सेलची ग्रॅव्हिटी, या क्रमाने जा. मिळालेले आकडे आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे की नाही ते इथे लिहा. लग नवे असताना, बॅटरी चांगली असताना आणि ट्रू आरएमएस मीटरवर ६०० वॅटच्या बल्बांना २०० व्होल्टही मिळत नसतील, तर मात्र दोष इन्व्हर्टरचाच. तेव्हा सर्व्हिसच्या माणसाला घरी बोलवून त्याच्या मीटरवर, त्याच्यासमोर तेच रीडिंग घ्या आणि जॉब शीटवर लिहून घ्या.

तोवर इस्त्री इन्व्हर्टरवर नको. चार साधे पंखे प्रत्येकी ७५ वॅट धरून ३०० होतात, त्यात एलईडी ट्यूब, टीव्ही आणि वायफाय मिळून दीडशे. हा साडेचारशेचा लोड लावून लाइट गेल्यावर किती वेळ चालतो ते घड्याळ लावून बघा, आणि लग बदलण्याआधीचा व नंतरचा वेळ दोन्ही लिहून ठेवा.